उतावळा अंगठा

लेनडर्ट काउवेनहोवेचा उजवा अंगठा आमच्या सगळ्या वेस्टलँड भागात प्रसिद्ध होता आणि हे लेनडर्टला ठाऊक होतं. खरी अडचण तीच होती.

आमच्याकडे फुलांच्या लिलावात कोणी ओरडत नाही, हात वर करत नाही. समोरच्या भिंतीवर भलंमोठं घड्याळ असतं. त्याला काटे नसतात, नुसता एक दिवा. खालून फुलांच्या ट्रॉल्या सरकत जातात आणि वर तो दिवा चढ्या भावापासून सुटून झरझर खाली उतरत येतो. चढत्या बाकांवर व्यापारी बसलेले, प्रत्येकाच्या हाताशी एक बटण. ज्याला माल हवा त्याने अंगठा दाबायचा. पहिला अंगठा पडला की दिवा थांबतो. थांबला तो भाव, आणि दाबणाऱ्याचा नंबर घड्याळावर उजळतो. लवकर दाबलं तर खिशाला भोक, उशीर केला तर माल दुसऱ्याच्या गाडीत. मधल्या त्या पापणी लवण्याएवढ्या वेळावर आमच्या निम्म्या गावाची घरं उभी आहेत.

लेनडर्टच्या, म्हणजे लेनच्या, बापाने त्याला या धंद्यातलं एवढंच शिकवलं होतं, "मालाकडे बघ, दिव्याकडे बघ, शेजाऱ्याकडे बघू नकोस." पहिल्या दोन गोष्टी लेन इतक्या छान शिकला की बापालाही मागे टाकलं त्याने. तिसरी मात्र त्याला कधी जमली नाही. कशी जमणार? शेजारी हाउब झ्विंकेल्स बसायचा ना.

वीस-बावीस वर्षं दोघं पुढून तिसऱ्या रांगेत शेजारी शेजारी बसले. लेन पांढऱ्या हायड्रेंजियाचा, त्या झुपकेदार गोल फुलांचा माणूस, त्याचा माल बेल्जियमला जायचा. हाउब लाल गुलाबांचा, त्याची गिऱ्हाइकं जर्मन. एकमेकांच्या मालाला सहसा हात लागत नसे. तरी लेनचं अर्धं लक्ष कायम डावीकडे. हाउबने गाडी घेतली की लेनला आपल्या गाडीत खडखड ऐकू यायची. हाउब सुट्टीत ऑस्ट्रियाला जाऊन आला की लेनला आपला समुद्रकिनारा अचानक वाऱ्याचा वाटायचा. एकाच थर्मासातली कॉफी प्यायचे, पण हाउबच्या कपात जरा जास्त ओतली गेली तर तेही लेनला दिसायचं. वाईट माणूस नव्हता तो. फक्त दुसऱ्याच्या ताटात वाकून बघायची खोड होती, आणि ती या वयात जाण्यातली नव्हती.

मग हाउबच्या बायकोची, दिनीची आई अंथरुणाला खिळली आणि दोघं घर विकून ट्वेंटेला गेले. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, गाईगुरांच्या मुलखात, जर्मनीच्या सीमेला लागून. निरोपाच्या दिवशी सगळ्या बाकांनी टाळ्या वाजवल्या. लेनने हाउबची पाठ थोपटली आणि म्हणाला, "जा बाबा. आता गाई मोज." घरी आल्यावर बायकोला, रीटला म्हणाला की गडी संपला. त्या संध्याकाळी तो जेवला मात्र अगदी चवीने.

हाउब काही संपला नाही. हिवाळा लागला, आणि एका सकाळी घड्याळावर चारशे सतरा नंबर उजळला. हाउबचा नंबर. लेनने डावीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी. तिच्यावर लेनचा स्वतःचाच कोट पडलेला होता, हाउब गेल्यापासून लेन तो रोज तिथं टाकायचा. कोणी विचारलं की सांगायचा, "कोपराला जागा लागते मला."

"अरे, हा कुठून दाबतोय?" लेनने मागच्या रांगेतल्याला विचारलं.

"घरून. त्याने लाइन घेतलीय. स्वयंपाकघराच्या मागे खोली आहे म्हणे, तिथं बसतो. पायात सपाता, समोर बायकोने केलेला नाश्ता."

सपाता! लेन रोज पहाटे अंधारात उठायचा, गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडायचा, गार बाकावर येऊन बसायचा. आणि हा सपाता घालून लिलाव करतोय. वर दुसऱ्या गावच्या लिलावघराचं घड्याळही शेजारच्या पडद्यावर लावून दोन्हीकडून उचलतोय. लेनच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच आठवड्यात हाउबच्या एका जर्मन गिऱ्हाइकाला पांढरी हायड्रेंजिया हवी झाली, आणि दोन वेळा, फक्त दोन वेळा, लेनचा अंगठा पडायच्या आत चारशे सतरा उजळला.

त्या दोन वेळा लेन आयुष्यभर विसरणार नव्हता.

तो तडक इमकेच्या खोलीत गेला. इमके म्हणजे लिलावघराचं सगळं नेटवर्क सांभाळणारी तिशीतली मुलगी, दिवसभर केबलींच्या गुंत्यात बसलेली. लेनने दार लावलं नाही, सगळ्यांना ऐकू जाऊ दे म्हणून.

"पोरी, त्या चारशे सतराला तू काय दिलंयस?"

"लाइन दिलीय. इथरनेटची."

"इथरनेट म्हणजे ही? तुझ्या टेबलाखाली लोंबतेय ती वायर?"

"तीच समजा, फक्त लांब," इमके म्हणाली. "बसा ना. हे बघा, आधी दूरच्या जागा जोडायच्या म्हटलं की टेलिफोनवाल्यांकडून लाइन भाड्याने घ्यावी लागायची. तिची भाषा वेगळी, आपल्या ऑफिसातल्या मशीनची वेगळी. म्हणून दोन्ही टोकांना दुभाषे बसवावे तशी खोकी बसवायची. महाग, आणि एवढीशी अरुंद की घड्याळाचा दिवा पाठवता पाठवता धाप लागायची. आता आपण ऑफिसातलं इथरनेटच फायबरवरून थेट ट्वेंटेपर्यंत नेतो. मध्ये भाषांतर नाही. दुसरं लिलावघर, गोदामं, घरून घेणारे व्यापारी, सगळे एकाच हॉलमध्ये असल्यासारखे. आपल्या मशीनला पत्ताच नाही की हाउबचं बटण या इमारतीत नाही. तिच्या दृष्टीने ते अजून तुमच्या शेजारीच बसलेत."

हे शेवटचं वाक्य लेनला फार लागलं. का, ते त्याला नीट कळलं नाही.

"मग त्याचा अंगठा माझ्याआधी कसा पोचतो?"

"पोचतच नाही. दाबल्याची वेळ त्यांच्या बटणाच्या खोक्यातच नोंदली जाते, तुमची तुमच्या. सगळ्या खोक्यांची घड्याळं एकमेकांशी जुळवलेली. निरोप किंचित उशिरा आला तरी वेळ खरी तीच धरतात. लांब असल्याचा तोटा नाही, आणि फायदाही नाही."

"आणि रस्त्यात गर्दी नसते का? सगळं जग त्या फायबरवरून जातं म्हणे."

"फायबर सगळ्यांचं, पण त्यात आपली वाट वेगळी आखून घेतलीय. बँकेचा, शाळेचा माल आपल्या वाटेत येत नाही. कुठं खोदताना फायबर तुटलं तर दुसऱ्या बाजूने वळसा घालून जातं. दोष नाही हो लाइनीत, मी रोज बघते."

"मग तो जिंकला कसा?"

इमके वेस्टलँडची पोर. तोंडावर बोलण्यात तिला कसला आलाय संकोच. "त्या दोन वेळा त्यांना भाव तुमच्यापेक्षा बरा कळला असेल."

लेनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो उठला. दारात असताना इमके सहज म्हणाली, "लाइन रुंद आहे ना, म्हणून हॉलचं चित्रसुद्धा जातं त्यांना. घड्याळाच्या वर कॅमेरा लावलाय बघा. त्यांनीच मागून घेतला."

"हॉलचं चित्र? ते कशाला?"

"विचारलं नाही मी."

विचारायची गरजच काय होती? लेनला सगळं लख्ख दिसलं. हाउब तिथं बसून त्याचा अंगठा बघतो. तो कधी हलतो ते बघतो आणि त्याच्या आधी दाबतो. इमकेने नुकतंच सांगितलं होतं की निरोप पोचायला किंचित वेळ लागतो, म्हणजे चित्रात अंगठा हललेला दिसेपर्यंत दाबूनही झालेलं असतं, पण मत्सराला हिशोब कुठे कळतो. दुसऱ्या दिवसापासून लेन उजवा हात टोपीने झाकून बसू लागला. डोक्यावरची टोपी काढून हातावर. मागच्या रांगेतले खुसखुसत. "लेन, टकलाला थंडी वाजेल रे." लेन ढुंकून बघायचा नाही.

आणि त्याने दुसरी गोष्ट केली. तो आधी दाबू लागला.

थोडंसंच आधी. दिवा अजून चढ्या भावात आहे, हाउब म्हणत असेल जरा उतरू दे, तेवढ्यात लेनचा अंगठा टोपीखाली पडायचा. हायड्रेंजिया त्याची! लेनला असं गार वाटायचं की विचारू नका. डावीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून तो पुटपुटायचा, "घे. बस आता सपाता चोळत." दुसऱ्या दिवशी वाटायचं की हाउबही आता आधी दाबेल, म्हणून लेन आणखी आधी दाबायचा. या घड्याळाचं एक आहे. ते फक्त जिंकणाऱ्याचा नंबर दाखवतं. तुमच्या मागे कोण होतं, किती मागे होतं, होतं की नव्हतं, हे ते कधीच सांगत नाही.

ईस्टर आला, गेला. एका सकाळी लेनच्या लक्षात आलं की चारशे सतरा बरेच दिवसांत उजळलेला नाही. हायड्रेंजियावर नाही, गुलाबांवरही नाही. त्याने आणखी आठवडाभर वाट पाहिली. नाहीच. मग मात्र त्याला राहवेना. मनुक्यांचे बन घेऊन आला, तीन मोठ्या पिशव्या भरून, आणि सगळ्या बाकांवर वाटले.

"कसले रे? आजोबा झालास का?"

"चारशे सतराला हाकलला," लेन म्हणाला. "त्याची लाइन काही का असेना, अंगठा शेवटी अंगठा असतो."

लोकांनी बन खाल्ले. आमच्याकडे फुकटच्या बनाला कोणी कारण विचारत नाही.

एवढं होऊनही लेनचा अंगठा काही मागे सरला नाही. उलट त्याला वाटू लागलं की हाउब दबा धरून बसलाय, लेन ढिला पडला की झडप घालणार. म्हणून तो दिवा सुटला न सुटला की दाबायचा. मागच्या रांगेतले एकमेकांना कोपर मारायचे. घरी रीट हिशोब घेऊन बसायची आणि चष्मा कपाळावर चढवायची.

"लेन, हायड्रेंजियाला दुष्काळ पडलाय का यंदा?"

"चढाओढ आहे."

"कोणाशी?"

"तुला नाही कळायचं."

"मला एवढं कळतं की आपण घेतो त्या भावात दुकानदार विकतात," रीट म्हणाली. "मग आपण नेतो कशाला, नुसतं फिरवून आणायला?"

रीटला जे कळलं ते बेल्जियममधल्या घेंटच्या गोडलीव्हबाईंनाही कळलं. गोडलीव्हबाईंची चार दुकानं होती. त्यांच्या सासूच्या वेळेपासून काउवेनहोव्यांकडचा माल तिकडे जायचा. लेनचा निम्मा धंदा म्हणजे त्या एकट्या बाई. मे महिना लागताच त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच गोड, आणि म्हणूनच लेन घाबरला.

"काउवेनहोवेसाहेब, मला पांढरी हायड्रेंजिया हवीत. तुम्ही पाठवताय ती सोन्याची आहेत का?"

"बाजार चढलाय बाई."

"शेजारच्या दुकानात तीच फुलं माझ्यापेक्षा कमी भावात आहेत. तीही तुमच्याच लिलावातून येतात. बाजार फक्त तुमच्यापुरता चढलाय की काय?" मग त्यांनी सांगून टाकलं, "मदर्स डेचा माल तुमच्याकडूनच घेईन, एवढ्या वर्षांचं नातं आहे म्हणून. पण तो या भावात आला तर तो शेवटचा. मला वाईट वाटेल. खरंच वाटेल."

लेनने फोन ठेवला. गोडलीव्हबाई गेल्या तर गाडी विकायची, बाकावरची जागा सोडायची, आणि रीटच्या भावाच्या गोदामात ट्रॉल्या ढकलायच्या. रीटचा भाऊ दयाळू माणूस होता, आणि तेच जास्त वाईट. लेन रात्रभर नुसता छताकडे बघत पडला. सकाळी त्याला उत्तर सापडलं, म्हणजे जुनंच. हे सगळं हाउबमुळे. हाउबने लाइन घेतली नसती तर आपल्याला आधी दाबावं लागलं नसतं.

शनिवारी रीट संडासातून बाहेर आली ती हात पुसतच म्हणाली, "उद्या हाउबचा वाढदिवस आहे."

वाढदिवसांची दिनदर्शिका आमच्याकडे संडासाच्या दाराला आतून टांगलेली असते, रोज नजरेसमोर राहावी म्हणून. तिच्यातलं नाव विसरलो असं म्हणायची सोय नाही. बोलावणंही येत नसतं. आपण जायचं असतं, आणि नाही गेलो तर भांडण आहे असं सांगितल्यासारखंच होतं.

"मी येणार नाही," लेन म्हणाला.

"येणार आहेस. भांडलायस का त्याच्याशी?"

"नाही."

"मग?"

 रविवारी लेनने इस्त्रीचा शर्ट घातला आणि सबंध देश ओलांडून गाडी ट्वेंटेला नेली. वाटेत एका ठिकाणी रस्त्याकडेला फायबरच्या नळ्या पुरण्याचं काम चाललं होतं, नारिंगी नळ्यांची वेटोळी पडलेली. लेनने त्यांच्याकडे असं पाहिलं की रीट म्हणाली, "त्यांनी तुझं काय घोडं मारलंय?"

हाउबचं घर चांगलं होतं. लेनच्या घरापेक्षा मोठं, मागे ओक, पुढे गवत कापलेलं. लेनने ते सगळं एका नजरेत मोजून घेतलं. आत रीतीप्रमाणे खुर्च्या गोल मांडलेल्या, पाहुणे गोल बसलेले. लेन आणि रीट एकेकाचा हात हातात घेऊन अभिनंदन करत फिरले. वाढदिवस एकाचा, पण आमच्याकडे अभिनंदन सगळ्यांचं, दिनीचं हाउबबद्दल, जावयाचं सासऱ्याबद्दल, शेजाऱ्यांचं शेजाऱ्याबद्दल. शेवटी हाउब. त्याने हात पुढे केला, तो डावा.

लेनच्या मनात आलं, बघा, आता उजवा हातही द्यायचा नाही आम्हाला.

तो कॉफी घेऊन बसला. दिनीने केक आणला, सगळ्यांना दिला, आणि हाउबच्या बशीतला तुकडा चमच्याने लहान लहान करून दिला. लेनने रीटकडे पाहिलं. इतक्या वर्षांत रीटने एकदा तरी त्याला केक कापून दिला होता का? हाउब राजासारखा बसला होता, उजवा हात मांडीवर रुमालाखाली ठेवून, डाव्या हाताने खात. केकचे कण शर्टावर सांडत होते आणि दिनी ते टिपत होती. काय हे लाड! लेनला केक गिळवेना.

"लेन, चल, तुला माझी जागा दाखवतो," हाउब उठून म्हणाला.

स्वयंपाकघराच्या मागे खरंच एक खोली होती. टेबल, दोन पडदे, खाली हिरवा दिवा लुकलुकणारं एक खोकं आणि त्यात शिरलेली बारीक पिवळी केबल. समोर बटण. रविवार म्हणून पडदे काळे. खुर्चीखाली सपाता. लेनने सपातांकडे बघितलं, आणि इतके महिने साठलेलं बाहेर आलं.

"सुख आहे बुवा तुझं. बसल्या जागी दोन दोन घड्याळं. वर आमच्यावर कॅमेरा."

"हो. रोज बघतो," हाउब म्हणाला. "दिवा सुटायच्या आधीपासून बसतो. लेन, एक विचारू? राग नको मानू. तू हायड्रेंजियाला एवढ्या आधी का दाबतोस?"

लेन वाकून त्या पिवळ्या केबलीकडे बघू लागला.

"मी इथं ओरडतो, थांब गाढवा, थांब. दिनी आतून धावत येते. तुझ्यामागे कोणी लागल्यासारखा दाबतोस. कोण लागलंय?"

"तू."

"मी?"

"मग कोण? इथं बसून माझ्यावर टपून..."

 हाउबने डाव्या हाताने उजव्या हातावरचा रुमाल काढला आणि तो हात उचलून टेबलावर ठेवला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. बोटं अर्धवट वळलेली. अंगठा आत दुमडलेला, पांढरा.

"ईस्टरच्या आदल्या दिवशी अर्धांगाचा झटका आला," तो म्हणाला. "बाकी सगळं परत आलं, बोलणं, पाय. हा नाही आला. त्या दिवसापासून मी बटणाला हात लावलेला नाही. गुलाब जावई थेट मळेवाल्यांकडून फोनवर घेतो. डाव्या अंगठ्याने दाबून बघितलं मी. जमत नाही. तो दुसऱ्याच कोणाचा तरी अंगठा आहे."

 खोलीत एकच खुर्ची होती, लेन तिच्यावरच बसला, हाउबच्या खुर्चीवर. ईस्टरपासून. म्हणजे टोपीखाली, दात खाऊन, दिवा सुटल्याबरोबर तो ज्याच्या आधी पोचत होता, तिथं कोणी नव्हतंच. गोडलीव्हबाई, गाडी, बाकावरची जागा, सगळं त्याने एका रिकाम्या खुर्चीला हरवण्यात घालवत आणलं होतं.

"फोन का नाही केलास?" त्याने विचारलं.

"काय सांगू? अंगठा गेला माझा? तू बन वाटले असतेस."

लेनचे कान तापले. "वाटले मी."

"पाहिलं," हाउब म्हणाला. "मनुक्यांचे. तीन पिशव्या."

आतून पाहुण्यांचं हसणं ऐकू आलं. लेनला वाटलं, आता जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"माफ कर मला," तो म्हणाला.

"कसली माफी. मी काय कमी जळलो?" हाउब खिडकीच्या कडेवर टेकला. "कॅमेरा कशाला मागितला मी? इमकेला सांगितलं, हॉल दिसला की भाव कळतो. खोटं. मला बाकं बघायची होती. तुम्ही लोक कॉफी पिता, मागचे एकमेकांना कोपर मारतात, कोणी शिंकलं की सगळे हसता. आवाज येत नाही, नुसतं दिसतं. इथं सपाता घालून बसलं की माणूस स्वतःशी किती वेळ बोलेल? मी तुझ्याकडे बघून म्हणायचो, याचं बरंय. आणि झटक्यानंतर तर तुझा अंगठा... तू टोपी का ठेवतोस रे त्याच्यावर? तेवढाही बघू देत नाहीस."

 खरं सांगायचं तर त्या घटकेला, लाजेच्या खाली, अगदी तळाशी, लेनला थोडं बरं वाटलं. हाउब झ्विंकेल्स त्याच्यावर जळत होता! बावीस वर्षांत पहिल्यांदा. आणि हे बरं वाटणं लक्षात आल्यावर त्याला स्वतःची किळस आली, पण बरं वाटायचं काही थांबलं नाही.

"आणि माझ्या खुर्चीवर कोट कोणासाठी ठेवतोस?" हाउबने विचारलं.

"कोटासाठी."

"रोज?"

"कोपराला जागा लागते मला," लेन म्हणाला, आणि वाकून खुर्चीखालच्या सपाता सरळ लावू लागला.

सोमवारी मदर्स डेच्या आठवड्यातला पहिला लिलाव. बाकं गच्च भरलेली. लेनने कोट डावीकडच्या खुर्चीवर टाकला, टोपी डोक्यावर ठेवली आणि उघडा अंगठा बटणावर टेकवला. पांढऱ्या हायड्रेंजियाच्या ट्रॉल्या सरकत आल्या, ताज्या, ओलसर, गोडलीव्हबाईंना आवडतात तशा. दिवा सुटला.

तो जिथं रोज दाबायचा ती जागा आली आणि गेली.  मागच्या रांगेत कुजबूज झाली. दिवा खाली येत होता आणि कोणी दाबत नव्हतं. लेनला दिसत होतं, किती मोकळी जागा होती खाली, किती दिवस तिथं कोणीच नव्हतं.  मालाकडे बघ, दिव्याकडे बघ. त्याने डावीकडे पाहिलं नाही. आणखी खाली. आणखी. आता कोणत्याही क्षणी दुसऱ्या कोणाचा तरी अंगठा पडणार, आणि या वेळी ते कोणी तरी खरोखरचं असणार होतं.

त्याने दाबलं.

त्याचा नंबर उजळला. भाव बघून मागचा म्हणाला, "आयला, जाग आली वाटतं!" लिलाव चालवणाऱ्याने किती हवं ते विचारलं, लेन माइकमध्ये म्हणाला, "सगळं." या भावाला गोडलीव्हबाई राहणार होत्या. गाडी राहणार होती. लेनने श्वास सोडला आणि घड्याळावरच्या कॅमेऱ्याकडे मान वर करून पाहिलं, जरा ऐटीतच.

खिशातला फोन थरथरला.

"बरं होतं," हाउब म्हणाला. "पण भाव अजून दोन सेंट खाली जात होता. मी असतो तर थांबलो असतो."

"तू? तू सपाता घालून काय थांबणार?"

"दोन सेंट, लेन. मला इथून दिसलं, तुला तिथून नाही दिसलं?"

लेनने फोन बंद केला. त्याच्या पोटात जुनी, ओळखीची आग पेटली. अंगठा नाही, माणूस देशाच्या दुसऱ्या टोकाला, आणि तरी त्यालाच जास्त दिसतं! चांगलं पोटभर जळून झाल्यावर त्याने डावीकडचा चुरगळलेला कोट उचलला, झटकला, नीट घडी घातली आणि पुन्हा त्याच खुर्चीवर ठेवला, कॅमेऱ्यातून दिसेल असा.